पात्रांचे सीमोल्लंघन

गेल्या सत्रात जबलपूर येथे पाहुणा अध्यापक म्हणून तौलनिक साहित्याचा एक वर्ग घेण्याचा योग आला. वर्गात चौदा विद्यार्थी होते. त्यांतील बहुतेक हिंदीभाषी, तीन बंगाली घरांतील, दोन मराठी घरांतील आणि एक उर्दूभाषी घरातील. सत्राअखेरीच्या निबंधासाठी दोन भारतीय भाषांतील दोन पात्रांची तुलना करावी, असा रुळलेला विषय मी दिला होता. चार विद्यार्थ्यांनी मिळून विनंती केली की, निबंधाऐवजी आम्ही एका व्हिडिओ गेमचा आराखडा सादर करू. निरनिराळ्या कथामालांतील पात्रे एका कथानकात एकत्र येतात, आणि खेळणारा त्यांपैकी एकेकाची भूमिका घेऊन ते कथानक पुढे नेतो, असा तो खेळ. मला ही विनंती प्रथम वाचन टाळण्याची पळवाट वाटली आणि तसे मी बोलूनही दाखविले. तीन आठवड्यांनी मला माझे मत बदलावे लागले. ते का बदलावे लागले, हे सांगणे आणि त्यावरून आपल्या अभ्यासशाखेविषयी एकदोन विधाने करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या प्रकारचे खेळ परदेशांत रूढ आहेत. २००२ साली निघालेल्या ‘किंग्डम हार्ट्स’ या जपानी खेळात डिस्नेच्या चित्रपटांतील डोनाल्ड आणि गूफी ही पात्रे ‘फायनल फँटसी’ या अगदी वेगळ्या प्रकृतीच्या खेळमालेतील पात्रांच्या जगात वावरतात. दोहोंना सांधण्यासाठी सोरा नावाचा एक नवाच मुलगा निर्माण केलेला आहे. आपल्याकडेही या माध्यमाची हेळसांड करण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. पुण्यातील एका मंडळीने तयार केलेला ‘राजी’ हा पौराणिक वातावरणाचा खेळ २०२० साली जगभर खेळला गेला. तथापि भारतीय भाषांतील आधुनिक कथामालांची पात्रे एकमेकांना भेटवावीत, ही कल्पना माझ्या विद्यार्थ्यांना सुचली तेव्हा त्यांच्यापुढे आयता नमुना नव्हता. या प्रकाराला मराठीत नाव काय द्यावे, असा प्रश्न निघाला. दसरा जवळ आला होता. ‘सीमोल्लंघन’ हा शब्द मी सुचविला आणि तो वर्गाने स्वीकारला. शमीच्या झाडाकडे जाणारा माणूस गावाची वेस ओलांडतो. परंतु वेस ओलांडली म्हणून तो आपले गाव विसरत नाही. हा अर्थ पुढे आमच्या उपयोगी पडला.

कल्पना नवी वाटली, तरी व्यवहार नवा नाही. महाभारताच्या वनपर्वात सौगंधिक कमळे आणायला निघालेल्या भीमाच्या वाटेत हनुमान शेपूट पसरून बसलेला आहे. एका काव्याचा वीर दुसऱ्या काव्यात आलेला आहे, आणि तोही एका युगातून दुसऱ्या युगात. शेपूट हलविता न आल्यामुळे भीमाचा गर्व उतरतो, एवढाच भाग आपल्याला कीर्तनांतून ठाऊक असतो. अभ्यासकाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढचा आहे. समुद्र ओलांडताना तुम्ही जे रूप धारण केले होते ते मला दाखवा, असे भीम म्हणतो. हनुमान प्रथम नकार देतो. त्याचे कारण असे की, ते रूप त्या काळाचे होते. युग बदलले की भूमी, नद्या, देहांचे बळ, सर्वच त्या त्या युगाच्या मापाचे होते. पुढे भीमाच्या आग्रहास्तव तो ते रूप दाखवितो; पण तत्पूर्वी युगायुगांचे धर्म त्याला समजावून देतो. एका कथेतील पात्र दुसऱ्या कथेत नेताना कोणती अडचण येते, याचे इतके नेमके विवेचन आधुनिक समीक्षेतही मला सहसा आढळलेले नाही. पात्र स्वतःबरोबर आपल्या जगाचे माप घेऊन येते. ते माप यजमान कथेला सोसवते की नाही, हा खरा प्रश्न असतो.

कोकणातील दशावतारी मंडळींनी हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या रंगभूमीवर सोडविला आहे. आख्यानाचा सांगाडा आधी ठरतो. संवाद मात्र लिहिलेले नसतात. ज्याने जे सोंग घेतले असेल, त्याने त्या पात्राच्या मगदुराप्रमाणे उभ्या उभ्या बोलावयाचे. समोरचा नट काय बोलेल हे त्याला ठाऊक नसते, तरी नारदाने नारदासारखे आणि राक्षसाने राक्षसासारखेच बोलले पाहिजे. ‘भूमिका घेऊन खेळणे’ याचा अर्थ सिंधुदुर्गातील प्रेक्षकाला समजावून सांगावा लागत नाही.

आधुनिक काळातील उदाहरण शोधू लागलो तेव्हा ते जबलपूरच्या वाटेवरच सापडले. कलकत्त्याकडून येणारा ईस्ट इंडियन रेल्वेचा मार्ग आणि मुंबईकडून येणारा जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग १८७० साली जबलपूरला जोडले गेले. ही जोडणी झाल्यावर अवघ्या दोनतीन वर्षांत झ्यूल व्हेर्नने ‘ऐंशी दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा’ लिहिली आणि आपल्या नायकाला मुंबईहून अलाहाबादकडे धाडले. या मार्गाच्या त्याच टोकाला, अलाहाबादेत, १९५२ साली इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ सुरू झाली. कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद हे तिचे नायक. १९५५ पासून त्यांनी इमरान या दुसऱ्या नायकाची वेगळी माला चालविली. फरीदी करडा, शिस्तीचा. इमरान वरकरणी विदूषक. वाचकांना या दोघांची भेट हवी होती आणि ‘जमीन के बादल’ या कादंबरीत लेखकाने ती घडवून आणली. आपल्याकडील सीमोल्लंघनाचे हे लक्षणीय उदाहरण म्हटले पाहिजे. परंतु या कादंबऱ्या नागरी लिपीत आल्या तेव्हा आणखी एक सीमोल्लंघन घडले. फरीदीचा विनोद झाला आणि इमरानचा राजेश झाला. हमीद तेवढा हमीदच राहिला.

ही हकिगत वर्गात निघाली तेव्हा उर्दूभाषी घरातील विद्यार्थ्याने सांगितलेली गोष्ट मी विसरणार नाही. त्याचे आजोबा इमरान वाचीत आणि शेजारचे गृहस्थ राजेश वाचीत. दोघे संध्याकाळी ओट्यावर बसून एकाच कथानकाची चर्चा करीत. एक जण इमरान म्हणे, दुसरा राजेश म्हणे, आणि दोघांनाही त्यात काही अडत नसे. भाषांतराचे, लिपीचे आणि धर्माचे केवढे राजकारण या दोन नावांत साठलेले आहे, आणि ते त्या ओट्यावर किती सहजपणे ओलांडले गेले, यावर एखादा प्रबंध होऊ शकेल. विद्यार्थ्यांनी आपल्या आराखड्यात याला जागा दिली. खेळणाऱ्याने उर्दू निवडली तर तो इमरान असेल, नागरी निवडली तर राजेश, माणूस एकच.

आता आराखड्याविषयी. कथानक थोडक्यात असे. भेडाघाटच्या चौसष्ट योगिनींच्या मंदिरातील एक मूर्ती नाहीशी झाली आहे. या कलचुरिकालीन मंदिराच्या वर्तुळात एकूण एक्याऐंशी कोनाडे आहेत, त्यामुळे कोणती मूर्ती गेली हे ठरविण्यापासूनच कोडे सुरू होते. मूर्तिचोरीचा विषय योजण्याचे कारण फेलूदा. सत्यजित राय यांनी १९७३ च्या ‘कैलासे केलेंकारी’ मध्ये फेलूदाला मूर्तिचोरांच्या मागावर वेरूळला आणले होते. तेव्हा हा माणूस असल्या बातमीवर धावून येणार हे उघड होते. कलकत्त्याच्या गाडीने फेलूदा, तोपशे आणि जटायू येतात. अलाहाबादहून इमरान येतो. मुंबईच्या गाडीने भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे उतरतो, सायकल मालडब्यातून. सर्वांची गाठ जबलपूरच्या फलाटावर पडते.

येथपर्यंत सारे गमतीचे होते. अडचण दुसऱ्या आठवड्यात आली. अशा खेळांच्या रूढीनुसार विद्यार्थ्यांनी प्रत्येक पात्राला गुण दिले होते: बल, बुद्धी, वेग, धैर्य, प्रत्येकी शंभरपैकी. फेलूदाच्या ‘मगजास्त्रा’ला बुद्धीचे पंचाण्णव मिळाले. फेणेला वेगाचे नव्वद आणि बुद्धीचे साठ. कोष्टक फळ्यावर लिहिल्यावर असे दिसले की, फेणे म्हणजे एक कमी प्रतीचा, सायकलवरचा फेलूदा आहे. बंगाली विद्यार्थ्यांना ते स्वाभाविक वाटले. मराठी घरातील विद्यार्थी गप्प होता. मागाहून त्याने माझ्याजवळ कबूल केले की, घरी मराठी बोलत असलो तरी फास्टर फेणे मी वाचलेला नाही. २०१७ चा चित्रपट तेवढा पाहिला आहे. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८१७ पर्यंत या शहरावर होता. पुढे १९५६ पर्यंत ते नागपूर ही राजधानी असलेल्या, हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांच्या प्रांतात होते. त्या काळात येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची तिसरी-चौथी पिढी आज घरात मराठी बोलते, सणवार मराठी पद्धतीने करते, परंतु मराठी पुस्तक तिच्या हाती क्वचितच पडते. यात त्या मुलाचा दोष काढावा असे मला वाटले नाही.

पुढच्या आठवड्यात तो नागपूरच्या मावशीकडून फेणेची सहा पुस्तके घेऊन आला, आणि त्याने फळ्यावरचे कोष्टक पुसावयास सांगितले. त्याचा मुद्दा असा होता: फेणे वेगाने जिंकत नाही. तो लहान, काटकुळा मुलगा आहे. मोठी माणसे त्याला हिशेबात धरीत नाहीत, आणि म्हणूनच जेथे मोठ्यांना पोचता येत नाही तेथे तो पोचतो. हा गुण मोजावयाचा तर शून्यच मोजावा लागेल. ते शून्य हेच त्याचे सामर्थ्य आहे. मी अनेक वर्षे बालसाहित्यावरील चर्चासत्रांना जातो. फेणेविषयी इतके चांगले वाक्य मी तेथे ऐकलेले नाही. येथे हेही नमूद केले पाहिजे की, हे वाक्य त्याला सुचले ते फेणे आणि फेलूदा एका फलाटावर उभे राहिल्यामुळे. एकटा फेणे वाचून ते सुचले असते असे मला वाटत नाही. तौलनिक अभ्यासाचे प्रयोजन याहून वेगळे काय असते?

त्या दिवसापासून गुणांचे कोष्टक गेले आणि त्याच्या जागी ‘नेम’ आले. प्रत्येक पात्राला काय करता येते यापेक्षा काय करता येत नाही, हे लिहावयाचे ठरले. इमरानला चारचौघांत शहाणे दिसता येत नाही. तो शहाणा दिसला की खेळ फसतो. फेणेच्या बेतात मोठ्या माणसांचा विश्वास गृहीत धरता येत नाही. फेलूदाविषयी सर्वांत सूक्ष्म नेम एका बंगाली विद्यार्थिनीने सांगितला: खेळणाऱ्याला फेलूदा होताच येणार नाही, त्याला तोपशेच व्हावे लागेल. कारण फेलूदाच्या मनात वाचक कधीच शिरत नाही. तोपशेला जेवढे दिसते तेवढेच आपल्याला दिसते. खेळाच्या रूढीला हे सोडून होते, पण कथामालेच्या निवेदनाला धरून होते. निवेदनाचा दृष्टिकोन हा विषय मी फळ्यावर चारदा शिकविला असेन. तो वर्गाला कळला तो त्या दिवशी.

दुसरा वाद भाषेचा. हे सारे लोक फलाटावर एकमेकांशी बोलणार कोणत्या भाषेत? पहिल्या मसुद्यात सर्व जण सफाईदार हिंदी बोलत होते, आणि परदेशी आवृत्तीत इंग्रजी बोलणार होते. माझ्या मते सारा खेळ याच ठिकाणी हरण्याची भीती होती. फेणे जिभेने जो ‘ट्टॉक’ असा आवाज काढतो, तो कोणत्याही भाषेचा शब्द नाही. तरीही फुरसुंगीच्या त्या मराठी पोराच्या बोलण्याबाहेर तो ओळखू येत नाही. जटायूची सर्व गंमत त्याच्या चुकांत आहे. ‘सोनार केल्ला’ या १९७४ च्या चित्रपटात जटायू प्रथम भेटतो तो रेल्वेच्या डब्यात, आणि समोरचे बंगाली आहेत हे ठाऊक नसल्याने तो त्यांच्याशी हिंदी बोलू लागतो. एका बंगाल्याची दुसऱ्या बंगाल्याशी ओळख हिंदीतून सुरू होते, यात भारतातील भाषाव्यवहाराचे केवढे सत्य आहे! विद्यार्थ्यांनी हाच धागा धरला. प्रत्येक पात्र आपापली भाषा बोलेल. एकमेकांशी बोलताना प्रत्येकाची हिंदी वेगळ्या ठिकाणी अडखळेल. आणि चोरीचा एक महत्त्वाचा दुवा अशाच एका गैरसमजात दडलेला असेल.

सीमोल्लंघन कशाला म्हणावे याची कसोटी मला अखेर जबलपूरच्याच लेखकाकडे मिळाली. हरिशंकर परसाई यांचे आयुष्य या शहरात गेले. त्यांच्या ‘भोलाराम का जीव’ या कथेत पेन्शनची वाट पाहता पाहता मेलेल्या एका कारकुनाचा जीव यमदूताच्या हातून निसटतो, आणि त्याच्या शोधार्थ प्रत्यक्ष नारद जबलपूरच्या घमापूर मोहल्ल्यात येतो. तेथून तो सरकारी कचेरीत जातो. अर्जावर वजन ठेवल्याशिवाय अर्ज हलत नाही, असे त्याला सांगण्यात येते, आणि वजन म्हणून नारदाची वीणा साहेब ठेवून घेतो. फाईल उघडते तेव्हा भोलारामचा जीव त्या कागदांतच अडकलेला सापडतो. स्वर्गात येण्याची त्याची इच्छा नाही. परसाईंनी नारदाला कोणतेही नवे सामर्थ्य दिलेले नाही, आणि कचेरीलाही सौम्य केलेले नाही. त्रैलोक्यात कोठेही जाण्याची मोकळीक हा नारदाचा नेम. वजनावाचून कागद न हलणे हा कचेरीचा नेम. दोन्ही नेम पूर्ण बळाने समोरासमोर येतात आणि वीणा जाते. ज्या भेटीत कोणाचेच काही जात नाही, ती भेट निव्वळ जाहिरात होय. त्या भेटीतून वाचकाला पात्राविषयी अथवा त्याच्या जगाविषयी नवे काही कळत नाही.

या विचारावर आक्षेप येतील, याची मला जाणीव आहे. पहिला आक्षेप असा की, हा सारा बाजाराचा व्यवहार आहे; दोन कथामालांचे ग्राहक एकत्र करण्याची ती युक्ती आहे. हे बव्हंशी खरे आहे. परंतु इब्ने सफी यांच्या कादंबऱ्याही विक्रीसाठीच लिहिल्या जात होत्या, आणि हजारावर रहस्यकथा लिहिणारे बाबूराव अर्नाळकरही वाचकांच्या मागणीवरच लिहीत होते. या मागणीने वाचकांच्या पिढ्या घडविल्या, याकडे वाङ्मयेतिहासाने दीर्घकाळ पाठ फिरविली. तीच चूक नव्या माध्यमाबाबत पुन्हा करण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पात्र हे लेखकाचे असते. ते उचलून दुसऱ्याच्या कथेत ठेवण्याचा अधिकार कोणाला? कायद्याचे उत्तर स्पष्ट आहे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. राय १९९२ साली निवर्तले, भागवत २००१ साली. म्हणजे फेलूदा २०५२ अखेरपर्यंत आणि फेणे २०६१ अखेरपर्यंत मोकळे होणार नाहीत. संबंधितांच्या परवानगीवाचून माझ्या विद्यार्थ्यांचा खेळ वर्गाबाहेर जाऊ शकत नाही, आणि तसा तो गेलाही नाही. मात्र कायदा नावाचे आणि मजकुराचे रक्षण करतो. नेमाचे रक्षण करणे त्याच्या आवाक्यातले नाही. परवानगी घेऊन, पैसे मोजूनही पात्राची नासाडी करता येते. ते रक्षण करण्याचे काम समीक्षेचे आहे, आणि समीक्षा या क्षेत्रात अद्याप उतरलेलीच नाही.

तिसरा आक्षेप माझा मलाच सुचलेला आहे. खेळाने वाचनाची जागा घेतली तर? ज्याने फेणेचे एकही पुस्तक वाचलेले नाही त्याने फेणेची भूमिका करावी, यात हानी आहे असे मला आजही वाटते. त्या मुलाने सहा पुस्तके वाचली हे खरे. उरलेल्या तेरा जणांनी ती वाचली नाहीत. फेलूदा मराठीत वाचावयास मिळतो तो अशोक जैन यांच्या अनुवादांमुळे. फेणेला बंगाली वा उर्दू वाचकापुढे उभे करावयाचे तर तितक्याच निष्ठेचा अनुवादक लागेल. हे काम कोणत्याही खेळाने होणार नाही.

म्हणून माझे म्हणणे मर्यादित आहे. भारतीय साहित्यांच्या तौलनिक अभ्यासात आपण प्रभाव, साम्य, युग, चळवळ या कोटींतून दोन भाषा शेजारी ठेवतो. त्या शेजारी राहतात, बोलत नाहीत. दोन पात्रे एका प्रसंगात आणून, त्यांचे नेम न मोडता, त्यांना आपापल्या भाषेत बोलावयास लावणे ही अभ्यासाची एक स्वतंत्र आणि कठोर पद्धत होऊ शकते, असे मला या सत्रात आढळून आले. तीत उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही कथामाला मुळातून वाचाव्या लागतात. सारांशावर भागत नाही. आपापल्या विभागांत निदान एका सत्रासाठी हा प्रयोग करून पाहावा आणि त्यात काय फसले तेही मोकळेपणाने लिहावे, अशी अभ्यासकांना विनंती आहे. आमच्या प्रयोगात एक गोष्ट फसली, ती नमूद करून थांबतो. खेळाचा शेवट ठरला नाही. मूर्ती सापडल्यावर ती कोणाच्या स्वाधीन करावी, यावर चारही विद्यार्थ्यांचे अखेरपर्यंत एकमत झाले नाही. कारण चारही पात्रांचे नेम तेथे चार दिशांना जात होते. मी त्यांना शेवट ठरविण्याचा आग्रह केला नाही आणि गुण पूर्ण दिले.